माशीच्या लापशीतले मिथाइल पॅराबेन

ड्रोसोफिला, म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटाएवढी माशी, ज्या प्रयोगशाळेत पाळतात तिथे एक स्वयंपाकघरही असते. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि ‘अगर’ हा समुद्री शेवाळापासूनचा घट्ट करणारा पदार्थ पाण्यात शिजवून तिच्यासाठी लापशी केली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी गंधज्ञानाचा अभ्यास केला तो याच माशीवर. ही लापशी बुरशीलाही तितकीच मानवते, म्हणून तिच्यात मिथाइल पॅराबेन घालतात. शाम्पू, क्रीम आणि खोकल्याच्या औषधांत असते तेच हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ खराब होऊ न देणारे द्रव्य.

ही पांढरी भुकटी पाण्याशी फारशी जमवून घेत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात ती जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. त्यामुळे ती आधी इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि लापशी साधारण ६० अंशांपर्यंत निवल्यावर ढवळत ढवळत मिसळतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून उकळत्या पातेल्यात ते ओतायचे नाही आणि जवळपास ज्योत ठेवायची नाही. भुकटी तोलताना ती उडून डोळ्यांना व श्वासमार्गाला झोंबते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेतच. मात्रा कमी पडली तर बुरशी धरते आणि जास्त झाली तर अळ्यांची वाढ रेंगाळते. हा तोल प्रत्येक प्रयोगशाळा अनुभवाने साधते.

सामू (pH) ८ च्या वर गेला की या रेणूचे दोन भाग जोडणारा एस्टर बंध तुटू लागतो आणि पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्ल व मिथेनॉल उरते. आपल्या त्वचेतली आणि यकृतातली एस्टरेज विकरे हाच बंध तोडतात. तयार झालेले आम्ल ग्लायसिनसारख्या रेणूंशी जोडले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे मिथाइल पॅराबेन शरीरात फार काळ साठून राहत नाही, पण रोज वापरणाऱ्याच्या शरीरात ते रोज नव्याने येत राहते, हेही खरे.

वाद आहे तो इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा. मिथाइल, प्रोपिल, ब्युटिल अशी पॅराबेनची भावंडे पेशींमधल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे ते संप्रेरक टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात, मात्र त्यांचा परिणाम नैसर्गिक संप्रेरकाच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण असतो, आणि रेणूला जोडलेली कार्बनची साखळी जितकी आखूड तितका तो आणखी कमी. मिथाइल या रांगेत सर्वांत मागे. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन आढळले आणि एकच गहजब झाला, पण त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलनाच नव्हती. युरोपीय संघाने २०१४ साली प्रोपिल आणि ब्युटिल यांची मर्यादा खाली आणली, मिथाइलची ०.४ टक्क्यांची मर्यादा कायम राहिली. मला हा भेदभाव रास्त वाटतो.

‘पॅराबेनमुक्त’ म्हणजे नैसर्गिक, असे समजणाऱ्यांना एक सांगायला हवे : मधमाश्यांच्या राणीच्या गंधद्रव्यात मिथाइल पॅराबेन असते.

पॅराबेनच्या धास्तीने अनेक उत्पादकांनी मिथाइल आयसोथायाझोलिनोन हे दुसरे परिरक्षक वापरायला घेतले आणि युरोपात त्वचेच्या ॲलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या पर्यायाला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले, तर २०१९ साली पॅराबेनला ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा’ हा उलटा किताब दिला. अपवाद आहे तो फाटलेल्या, इसबाने सोललेल्या त्वचेचा : तिथे लावलेल्या मलमातले पॅराबेन बाधू शकते, आणि तेच धडधाकट त्वचेवर त्याच माणसाला निमूटपणे सोसते.