माणसांचा पडदा : पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्थांच्या जुन्या निर्मितींमागचा इतिहास

पुण्यातल्या कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेची स्मरणिका उघडली की शेवटच्या पानांवर 'संस्थेच्या आजवरच्या निर्मिती' अशी यादी सापडते. साल, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक आणि असली तर बक्षिसं. पात्रं किती होती हे मात्र सहसा कोणी छापत नाही. माझ्या मते या शहराच्या हौशी रंगभूमीचा इतिहास कळायला तोच रकाना सगळ्यात उपयोगी पडला असता. व्यावसायिक निर्माता संहिता हातात आली की आधी पात्रसंख्या बघतो. प्रत्येक नटाची 'नाइट', म्हणजे प्रयोगागणिक द्यायचं मानधन, त्याच्या खिशातून जाते आणि दौऱ्याच्या बसमधल्या जागाही मोजूनच भराव्या लागतात. हौशी संस्थेकडे पैशांची कायम बोंब असते, पण माणसं भरपूर असतात. पुण्यात जे मोठं घडलं त्यातलं बरंचसं या फरकातून घडलं.

सुरुवात चांगलीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना नाटकाचं वेड लागलं होतं. अण्णासाहेब किर्लोस्कर तेव्हा सरकारी कचेरीत नोकरीला होते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तोही कचेरीचं काम सांभाळून. पुढे त्यातून किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. पगारी नट आणि गावोगाव हिंडणारं बिऱ्हाड हे सगळं ओघानं आलं. म्हणजे ज्या व्यावसायिक संगीत रंगभूमीचा आपण अभिमान बाळगतो तिच्या मुळाशीही संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तालमीला जमलेली माणसंच आहेत.

कंपन्यांचं बिऱ्हाडी जिणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं आणि पांढरपेशा घरांना रुचणारंही नव्हतं. घरच्यांच्या भुवया उंचावू न देता नाटक करायचं तर क्लब काढणं हा सोयीचा मार्ग होता. 1894 साली निघालेला स्टुडंट्स सोशल क्लब हा तसलाच. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य संशोधन मंदिर हे त्याचंच पुढचं रूप. त्याच काळात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मेळे निघाले, आणि पेठापेठांतल्या पोरांना वर्षातले दहा दिवस उभं राहायला व्यासपीठ मिळालं. पुण्यात नंतर जे गायले, नाचले, नाटकात शिरले त्यांच्या आठवणींत गणपतीसमोरचा मांडव हटकून येतो.

बोलपट आले आणि संगीत नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही. एवढंच लक्षात घ्यायचं, की कंपन्या बसल्या तेव्हा पगारावर जगणारे उघड्यावर पडले. क्लबवाल्यांचं पोट नाटकावर नव्हतंच, त्यामुळे ते टिकले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे 1951 साली भालबा केळकरांच्या पुढाकारानं निघालेली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजेच पीडीए. नाशिकच्या कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक 'वेड्याचं घर उन्हात' 1957 साली पीडीएनं रंगभूमीवर आणलं, आणि त्यात प्रमुख भूमिकेत होते डॉ. श्रीराम लागू. लागू तेव्हा डॉक्टरकी करत होते. पूर्णवेळ नट ते 1969 साली झाले. कोऱ्या लेखकाचं पहिलंच नाटक एखाद्या धंदेवाईक निर्मात्यानं तेव्हा उचललं असतं का, याबद्दल मला शंकाच आहे.

इथे बी. जे. मेडिकल कॉलेजबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. लागू तिथलेच. बालरोगतज्ज्ञ झालेले जब्बार पटेल तिथले, आणि मानसोपचारतज्ज्ञ मोहन आगाशे तर तिथे शिकले आणि तिथेच शिकवलंही. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे, तेही बी. जे.मध्ये नोकरीला. मराठी रंगभूमीचा एक अख्खा कालखंड एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर पडला हे आजही जरा अजबच वाटतं. माझा अंदाज साधा आहे. तिथे पाच-सहा वर्षं एकत्र राहणारी मुलं होती, वसतिगृह होतं आणि गॅदरिंग होतं. तालमीला याहून जास्त काय लागतं? आळेकरांनी कॉलेजात केलेली एकांकिका बघून भालबांनीच त्यांना पीडीएत बोलावून घेतलं. 1969ची 'झुलता पूल' ही त्यांची पहिली एकांकिका. जब्बारनी पीडीएतच तरुणांचा एक वेगळा गोतावळा जमवला होता, त्यात आळेकर सामील झाले. विजय तेंडुलकरांचं 'अशी पाखरे येती' याच गोतावळ्यानं बसवलं.

मग आलं 'घाशीराम कोतवाल'. 16 डिसेंबर 1972, भरत नाट्य मंदिर, निर्मिती पीडीएची. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. गोष्ट पेशवाईतल्या पुण्याची. घाशीराम सावळदास हा नानांच्या काळातला शहराचा कोतवाल. 1791 साली त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं, इथपर्यंत इतिहास. तेंडुलकरांनी त्यावर सत्तेचं नाटक रचलं आणि हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं स्वतःच सांगून ठेवलं. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

वादाबद्दल आजवर खंडीभर लिहिलं गेलंय. मला त्या नाटकाच्या बांधणीबद्दल बोलायचंय. संहितेतच रंगमंचाच्या मागच्या बाजूला बारा जणांची रांग सांगितली आहे. ही माणसं म्हणजेच पडदा. ती गातात, डोलतात, पाठ फिरवतात, घडीत भिंत होतात, घडीत बाजार, घडीत वाडा. त्यांच्याआड काहीतरी दडवलं जातं आणि ती बाजूला झाली की दिसतं. सूत्रधार, कीर्तन, लावणी, अभंग हे सगळं या रांगेच्या जिवावर चालतं. आता हिशेब करा. गाता येणारी, ताल अंगात असलेली, प्रयोगभर उभी राहणारी डझनभर माणसं, वर नाना, घाशीराम, त्याची मुलगी गौरी, इतर मुली, शिपाई, आणि विंगेत वादक. महिनोन्‌महिने तालमी. बारातला एक जरी परीक्षेला बसला तरी पडद्याला भोक पडणार. इतकी माणसं नाइट देऊन उभी करायची म्हणजे निर्मात्याचं दिवाळं. हे नाटक हौशी संस्थेतच जन्माला येऊ शकलं असतं. लोककलांच्या शैलीची वाहवा करताना समीक्षकांनी हा रोकडा मुद्दा बहुधा बाजूला ठेवला.

19 प्रयोग झाले आणि पीडीएच्या ज्येष्ठांनी नाटक थांबवलं. ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी होते असा आक्षेप होता. तरुण मंडळी बाहेर पडली आणि 27 मार्च 1973 रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर अकादमी स्थापन झाली. 11 जानेवारी 1974 पासून 'घाशीराम' अकादमीच्या नावावर पुन्हा सुरू झालं. 1980 साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा विरोध पुन्हा उसळला, तरी दौरा झालाच. या सगळ्यात भालबांना खलनायक करायची एक सवय पडून गेली आहे. ती मला पटत नाही. ज्या पोरांनी बंड केलं त्यांना आधी घरात घेणारे, तालमीला जागा देणारे तेच होते. संस्था फुटली ती एका नाटकावरून. पैशावरून किंवा पदावरून फुटलेल्या संस्था पुण्यात काही कमी नाहीत, त्या मानानं ही फूट लाखमोलाची.

अकादमीचं पुढचं दशक म्हणजे नुसता धडाका. 22 नोव्हेंबर 1974 रोजी भरतलाच आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. भाऊराव मरतात आणि त्यांचं प्रेत स्वतःच कीर्तनाला उभं राहतं. प्रेताचा हट्ट असा, की जाळायचं तर ओंकारेश्वराच्या जुन्या स्मशानातच, नव्या वैकुंठ स्मशानभूमीत नाही. हा विनोद पुण्याबाहेर समजावून सांगावा लागतो. पुण्यात त्या काळी तो घरोघरी कुजबुजीत चालणारा खराखुरा प्रश्न होता. भाऊराव झालेल्या चंद्रकांत काळ्यांचं गाणं आणि आनंद मोडकांचं संगीत यांमुळे हे मरण इतकं रंगतदार झालं, की कित्येकांना ते अभद्र वाटलं. इथेही चाळकऱ्यांचा घोळका आहेच. 1978 साली जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी रचलेला 'तीन पैशाचा तमाशा' आला. भिकाऱ्यांची आणि चोरांची पलटणच्या पलटण, आणि चंदावरकर व मोडक यांच्या जोडीला नंदू भेंड्यांचा रॉक. पात्रसंख्येच्या बाबतीत हा कळस म्हणावा. 1979च्या 'बेगम बर्वे'त मात्र आळेकर एकदम मोजक्या माणसांवर आले. संगीत नाटकांत बायकांच्या किरकोळ भूमिका करून थकलेला, उदबत्त्या विकणारा बर्वे आणि त्याच्या स्वप्नात अडकलेले कारकून. मला वैयक्तिक विचाराल तर अकादमीच्या यादीतलं सर्वांत खोल नाटक हेच, पण गर्दी खेचली ती बाकीच्यांनी.

1986 साली मोहन आगाशे यांच्या खटपटीतून बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्यं मराठीत आली. मोठ्या नटांनी लहान मुलं व्हायचं, पऱ्या-राक्षस बाद. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. याच सुमारास अकादमीनं फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नव्या नाटककारांसाठी आणि गावोगावच्या गटांसाठी योजना राबवली. अनुदान घेतलेली संस्था हौशी म्हणायची का, यावर तेव्हा बरंच चर्वितचर्वण झालं असणार.

या सगळ्याला माणसं पुरवणारा झरा दुसरीकडे होता. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातल्या संस्थेनं 1963 साली पुरुषोत्तम वझे यांच्या स्मरणार्थ आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली, तोच 'पुरुषोत्तम करंडक'. दर पावसाळ्यात 'अरे आव्वाज कुणाचा' या आरोळीनं भरत नाट्य मंदिराचं छप्पर हादरतं. नियम कडक, वेळ मोजून, आणि कलोपासकच्या राजाभाऊ नातूंच्या काळातल्या शिस्तीच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. 2022 साली तर एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी तो दिलाच नाही. केवढा गदारोळ झाला! मला परीक्षकांचा निर्णय कठोर वाटला, पण बक्षीस राखून ठेवण्याचा हक्क वापरणारी स्पर्धा अजून शिल्लक आहे याचं बरंही वाटलं. शिवाय करंडकाचा खरा उपयोग बक्षिसात नाही. दहा-पंधरा जणांनी दोन महिने रोज एकत्र यायचं, एकानं लाइट्स शिकायचे, दुसऱ्यानं नेपथ्य ठोकायचं, आणि कॉलेज संपल्यावरही सवय सुटत नाही म्हणून गट काढायचा. 'आसक्त', 'नाटक कंपनी' असे नंतरचे गट कॉलेजच्या एकांकिकांतून घडलेल्या मुलांचेच.

पण या नव्या गटांच्या याद्या बघितल्या की पात्रं कमी झालेली जाणवतात. कारणं उघड आहेत. पेठेतले वाडे पडले आणि तालमीला येणारे शहराच्या चार टोकांना विखुरले. संध्याकाळी सातला कोथरूड, वाघोली आणि पिंपरीहून माणसं एका ठिकाणी गोळा करणं हेच एक नाटक झालंय. शाळांचे हॉल पूर्वीसारखे मिळत नाहीत. जरा नाव झालेला नट मालिकेच्या चित्रीकरणाला मुंबईला जातो आणि तारखा जुळेनाशा होतात. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा मिळाल्यावर दोन-चार नटांचं, जवळून बघायचं नाटक रुजलं. यात काही उत्तम कामं झाली. तरी भरतच्या रंगमंचावर तीस माणसं एका तालात पाऊल टाकतात तो आनंद वेगळाच.

तो आनंद मध्यंतरी पुन्हा दिला तो अगदी अनपेक्षित मंडळींनी. गो. पु. देशपांड्यांनी 1992 साली जोतीराव फुल्यांवर 'सत्यशोधक' लिहिलं होतं. 2012 साली अतुल पेठे यांनी ते पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं, त्यांच्या कामगार युनियनला सोबत घेऊन. भल्या पहाटे झाडू हातात घेणारे स्त्री-पुरुष कामावरून सुटल्यावर तालमीला येत. उच्चारांपासून तयारी करावी लागली, आणि शाहिरी बाज त्यांच्या अंगात आधीपासूनच होता. ज्या शहरात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच शहराचे रस्ते झाडणाऱ्यांनी फुले उभे केले, आणि महाराष्ट्रभर त्याचे प्रयोग झाले. 'घाशीराम'मधली रांग पुण्याच्या ब्राह्मणांची होती. चाळीस वर्षांनी रंगमंचावर रांग उभी राहिली ती सफाई कामगारांची, आणि तीही हौशीच.

स्मरणिकेच्या याद्या तयार करणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. 'घाशीराम'वर पुस्तकं आहेत, 'महानिर्वाण'ची संहिता छापील मिळते. पण राज्य नाट्य स्पर्धेत एकदाच होऊन गेलेल्या शेकडो नाटकांचं प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला दिलेली प्रत आणि एखादा पिवळा पडलेला फोटो यापलीकडे काही उरत नाही. फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावं ज्यांना आठवतात ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दिग्दर्शकाचं नाव कुठे ना कुठे सापडेल. भालदार कोण होता, पेटीवर कोण होतं, पडदा कोणी ओढला, हे त्यांना विचारून यंदाच्या स्मरणिकेत छापून टाका.