पार्श्वभूमी: शाहनाम्याची पानं सुटी कशी झाली

शाहनामा म्हणजे फिरदौसीचं इराणी राजांवरचं फारसी महाकाव्य. इराणच्या शाह तहमास्पच्या सचित्र शाहनाम्याच्या पोथीचं एकच पान २०११ मध्ये लंडनच्या लिलावात ७४ लाख पाउंडांना गेलं, २०२२ मध्ये अजून एक ८० लाखांच्या वर, आणि दर वेळी तोच वाद निघतो की मुळात ही पोथी फोडलीच का.

पोथी इराणमधल्या तब्रीझची, १५२०च्या दशकात सुरू झालेली, एका चित्रात हिजरी ९३४ (१५२७-२८) असं सालच लिहिलंय. पान साधारण ४७ बाय ३२ सेंटिमीटर, मार्जिनवर सोन्याचा बारीक चुरा शिंपडलेला. अशा कामाची पद्धत म्हणजे कागदाला खळ लावून तो घोटून गुळगुळीत करायचा, दोरे ताणलेली पाटी खाली ठेवून वरून बोट फिरवलं की ओळी उमटतात, त्यावर बोरूने नस्तलीक (फारसीची वळणदार लिपीशैली) लिहायचं. चित्राची जागा सोडून खुशनवीस (सुंदर अक्षर लिहिणारा) मोकळा झाला की पान चित्रकाराकडे. म्हणजे आधी अक्षर, मग चित्र!

१५६८ मध्ये पोथी तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाला नजराणा गेली, तीनेक शतकं तिकडेच, मग पॅरिस, मग १९५९ मध्ये एका अमेरिकन कलेक्टरने घेतली. खरा घोळ इथून. त्याने बांधणी सोडवली, १९७० मध्ये ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या म्युझियमला दिली (तो तिथल्याच बोर्डावर होता, आणि देणगीवर टॅक्स वाचतो हे काय वेगळं सांगायचं), १९७६ मध्ये ७ पानं लंडनला लिलावात काढली, नंतर अजून.

त्याची बाजू घेणारे 'मुरक्का' पुढे करतात. शब्दाचा अर्थ ठिगळं जोडलेलं, म्हणजे निरनिराळी अक्षरं-चित्रं कापून चिकटवलेला अल्बम, आपल्या जुन्या कागदांतला रुक्का (चिठ्ठी) हा शब्द त्याच घरातला. म्हणे पानं कापायची परंपरा दरबारातच होती, मग याने काय वेगळं केलं? पण मुरक्का सुटी पानं एकत्र आणतो हो, इथे एकत्र होतं ते सुटं केलं. माझ्या मते हा युक्तिवाद उलटाच आहे.

आणि मोजदाद बघा. एकूण २५८, न्यूयॉर्कला ७८, सगळे आकडे फक्त चित्रांचे. नुसत्या नस्तलीकची पाचशेच्या आसपास पानं, ती कुणालाच नको होती. १९९४ मध्ये व्हिएन्ना एअरपोर्टवर अदलाबदल झाली, तेहरानने एका अमेरिकन चित्रकाराचं १९५३ चं नग्न बाईचं चित्र दिलं, जे क्रांतीनंतर तिकडे लावताच येत नव्हतं, आणि बदल्यात उरलेला शाहनामा घेतला. बातम्यांत ११८ चित्रं परत आली एवढंच. लिहिलेली पानं आणि जुनी बांधणी पण त्याच खोक्यांत होती. बाकीची चित्रं जगभर फ्रेममध्ये आहेत, आणि बऱ्याच फ्रेमच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, त्या खुशनवीसाच्या ओळी.