शैक्षणिक सार्वभौमत्व आणि आंतरराष्ट्रीय मानके (ग्रामीण विदर्भ)

शैक्षणिक सार्वभौमत्व : मुलांनी काय, कोणत्या भाषेत आणि कशासाठी शिकावे हे ठरविण्याचा राष्ट्राचा अधिकार. भारतात शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) आला.

या विचाराचे विदर्भातील मूळ वर्ध्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत (२२-२३ ऑक्टोबर १९३७) सापडते. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला आणि पुढे सेवाग्राम हे नई तालीमचे, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेचे, केंद्र झाले. योजनेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवरील (१९१०) प्रयोगांत पाहतात, तर काही अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ड्यूई व किलपॅट्रिक यांच्या प्रकल्प पद्धतीत (प्रत्यक्ष उपक्रमातून शिकण्याच्या पद्धतीत). समितीतील सय्यदैन यांना पाश्चात्त्य शिक्षणविचाराचा परिचय होता, हा दुसऱ्या पक्षाचा आधार. तथापि समितीच्या वेळापत्रकात रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला (सूतकताईसारख्या मुख्य हस्तोद्योगाला) असून मातृभाषेला ४० मिनिटे आहेत. मुलांच्या सूतकताईतून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा प्रकल्प पद्धतीत नाही. शिवाय गांधीजींनी ही कल्पना परिषदेआधीच ‘हरिजन’मधून मांडली होती. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. स्वावलंबनाच्या अटीला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी हरकत घेतली होती, आणि बालश्रमाचा विचार करता ती आजही वजनदार आहे.

आंतरराष्ट्रीय मोजमापाशी भारताचा थेट संबंध ‘पिसा’ या, पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ओईसीडी ही देशांची संघटना घेत असलेल्या चाचणीतून आला. २००९ च्या वाढीव फेरीत तमिळनाडू व हिमाचल प्रदेश सहभागी झाले. ओईसीडीच्या सदस्य देशांची सरासरी सुमारे ५०० असताना वाचनात त्यांचे गुण अनुक्रमे ३३७ व ३१७ आले. प्रश्न भारतीय परिस्थितीला धरून नाहीत, असे कारण देऊन भारत पुढील फेऱ्यांपासून दूर राहिला. महाराष्ट्र या फेरीत नव्हता. त्यामुळे विदर्भात कापूस वेचणीच्या हंगामात पटावर असूनही वर्गात नसलेल्या मुलाविषयी हे आकडे काहीच सांगत नाहीत.

मात्र खेड्याच्या दृष्टीने राष्ट्रीय मानकही बाहेरचेच असू शकते. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव (ता. धानोरा) येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यता नसल्याने प्रशासनाने ती अनधिकृत ठरविली. वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. येथे बाजू उलटतात : राष्ट्रीय नियम खेड्याच्या विरोधात जातो, तर आंतरराष्ट्रीय मानक त्याच्या बाजूने. आदिवासी समूहांना स्वभाषेतील शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देणारे संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याचे १४ वे कलम ग्रामसभेच्या बाजूचे आहे, आणि भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले होते. जाहीरनामा बंधनकारक नाही. तरी शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतूनच शिकवावे असे म्हणते, आणि राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क प्राथमिक स्तरावर त्यासाठी सोयी करण्यास सांगतो. गोंडीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत) नाही. परंतु या दोन्ही तरतुदी अनुसूचीतील भाषांपुरत्या मर्यादित नाहीत.