चष्मा नवा, तरी पाय चुकतो

घरातलं वयस्कर माणूस पडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चष्मा लावला नव्हता का?" बऱ्याचदा लावलेलाच असतो हो! आणि हा विषय काही किरकोळ नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे जातात, त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढचे.

डॉक्टरांकडचा तक्ता म्हणजे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, तीसुद्धा निवांत खुर्चीत बसून वाचायची. जिन्यात तसं नसतं ना, राखाडी पायरीखाली राखाडीच पायरी, उजेड जेमतेम, आणि त्यात माणूस चालतंय. तिथे लागतो कॉन्ट्रास्ट, म्हणजे एका फिक्या रंगातून दुसरा फिका रंग वेगळा ओळखता येणं, आणि लागतो खोलीचा अंदाज. या दोन्ही गोष्टी कमी झाल्या तरी तक्ता बऱ्यापैकी वाचता येतो, त्यामुळे घरचे निर्धास्त. काचबिंदूत नजरेचा खालचा भाग गेला असेल तर तेच, समोरचा चेहरा नीट दिसतो पण पायाजवळचं स्टूल दिसत नाही.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असलेल्या चष्म्याची भानगड तर आणखी वेगळी. त्याच्या काचेचा खालचा भाग हातातलं वाचायला केलेला असतो, जिना उतरताना नजर नेमकी त्याच भागातून खाली जाते आणि पायरी असते त्याहून बरीच लांब, मग कड धूसर दिसणारच. जे बाहेर बरंच फिरतात त्यांनी चालायला फक्त लांबचा चष्मा वेगळा ठेवला तर पडणं कमी होतं असं ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, पण जे क्वचितच बाहेर पडतात त्यांच्यात उलट बाहेरचं पडणं वाढलं! म्हणजे सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

त्याहून चक्रावणारी गोष्ट २००७ ची. सत्तरीच्या पुढच्या ६०० हून जास्त लोकांपैकी अर्ध्यांचे डोळे तपासून गरजेप्रमाणे नवे चष्मे वगैरे दिले, आणि तेच लोक जास्त पडले. संशोधकांना वाटलं की नंबर एकदम खूप बदलला की वस्तू लहानमोठ्या, जवळलांब वाटतात आणि सवय व्हायला वेळ लागतो. मला तरी हे पटतं. म्हणून नंबर थोडा थोडा बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावं, आणि नवा चष्मा घालून पहिले काही दिवस जिन्यावर कठडा सोडू नये.

मोतीबिंदूचं मात्र टाळू नका. इंग्लंडमध्ये सत्तरीच्या पुढच्या बायकांवर चाचणी झाली, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं.

आणि ज्यांची नजर सुधारणारच नाही त्यांचं काय? न्यूझीलंडमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या, खूप कमी दिसणाऱ्या लोकांच्या घरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं नीट, सुरक्षित करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) गेले, सुटे गालिचे, अंधारे कोपरे, पायऱ्या बघून बदल सुचवले, तर पडणं ४१ टक्क्यांनी कमी झालं. निव्वळ व्यायामाच्या कार्यक्रमाने त्या लोकांमध्ये एवढा फरक पडला नव्हता.

पायरीला रंगीत पट्टी लावणार असाल तर अगदी पुढच्या कडेला टेकवून लावा, दोन बोटं मागे सरकवून लावली तर डोळा पट्टीलाच कड समजतो आणि पाऊल चुकीच्या ठिकाणी पडतं.