ट्रिक सीन, बाल-सुपरहिरोपटांतील

अचाट शक्ती लाभलेल्या पोरांना एखादा थकलेला वस्ताद तयार करतो, अशा कौटुंबिक विनोदी चित्रपटांत त्या शक्ती पडद्यावर दाखवण्याच्या युक्त्या. ही नोंद कॅमेऱ्यातच साधणाऱ्या युक्त्यांपुरती आहे.

कोल्हापूरचा या विद्येशी संबंध नाटकाच्या पडद्यांवरून येतो. आनंदराव व बाबुराव पेंटर हे चुलतभाऊ रंगभूमीचे पडदे रंगवत. आनंदराव 1916 मध्ये वारले. पुढे बाबुरावांनी वि. गो. दामले यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा बनवला, तो साधारण 1918 च्या सुमारास. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेचे साल मात्र कुठे 1917, कुठे 1918 असे आढळते. कंपनी उभी राहिली आणि कॅमेरा मागाहून पुरा झाला, हा क्रम मानला तर दोन्ही नोंदींचा मेळ बसतो; तोच अधिक सयुक्तिक वाटतो. कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटे, की त्याची चर्चा चित्रपटापेक्षा जास्त झाली.

पौराणिक पटांतला बाळकृष्ण जन्मतःच समर्थ असतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (1919) मध्ये ती भूमिका त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. प्रभात फिल्म कंपनीचा कोल्हापुरात निघालेला पहिला मूकपटही ‘गोपाल कृष्ण’ (1929) हाच. प्रशिक्षणपटाला असा तयार देव चालत नाही. त्याला अर्धवट शिकलेली, ऐनवेळी दगा देणारी शक्ती लागते. परंपरेतले जवळचे नाते गोरखनाथाशी : शिष्यच गुरूला सोडवायला येतो. त्या कथेवरचा ‘माया मच्छिंद्र’ (1932) प्रभातने पुण्याला जाण्याआधी, कोल्हापुरात असतानाच केला आणि तो ट्रिक सीनसाठी गाजला.

वेग. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात 8 चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रे, सरकतात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे 16 चौकटी. एकच फेरा दिला आणि नेहमीच्या गतीने दाखवले, की पोरगे दुप्पट पळते. आज 24 ऐवजी 12 चौकटी घेतात. प्रत्येक चौकटीला दुप्पट उजेड मिळतो, म्हणून भिंगाचे छिद्र एक टप्पा बारीक करावे लागते. हे विसरल्यास चित्र पांढरे पडते. दुसरी फजिती मागच्या माणसांची. त्यांनी निम्म्या गतीने हालायचे असते. चुलीचा धूर, नळाचे पाणी, पदराचे टोक मात्र कोणाचे ऐकत नाही. चौकटीत यांपैकी काही आले, की युक्ती उघडी पडते.

अदृश्य होणे. कॅमेरा स्टँडवर घट्ट बांधून सगळ्यांना आहे तसे थिजवायचे, कॅमेरा थांबवायचा, मुलाला बाजूला काढून पुन्हा सुरू करायचा. थांबताना व सुटताना गती कमी असल्याने त्या काही चौकटी जास्त उजळतात; त्या कापून जोड द्यावा. हे काम मिनिटभरात उरकावे. उन्हात सावली सरकते, ढग आला तर सगळाच शॉट वाया. भुतासारखा पारदर्शक मुलगा हवा असेल, तर आधी मुलाशिवाय प्रसंग घेतात, मग भिंग झाकून फिल्म मोजून मागे घेतात आणि त्याच फिल्मवर काळ्या मखमलीसमोर मुलाला घेतात. फेरे मोजायला चुकले, तर तो भिंतीतून बाहेर येण्याऐवजी भिंत येण्याआधीच प्रकटतो. विनोदी पटात कधी कधी हीच चूक ठेवून देतात.

ओझे. दगड, मोटार, खांब हे वेताच्या सांगाड्यावर कागदाचा लगदा व कापड चढवून करतात. पोकळ वस्तू मूल सहज उचलते, आणि तिथेच घात होतो. जोर दिसतो तो गुडघ्यात व मानेत. म्हणून आत पाच-सहा किलो वाळू भरावी. तालमीतल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वाढणे. चार फुटी मूल भिंगापासून 3 मीटरवर, सहा फुटी माणूस 6 मीटरवर उभा केला, तर मूल एकतृतीयांशाने उंच भासते. दोघांचे पाय चौकटीबाहेर ठेवावे, छिद्र बारीक असावे. संवाद बोलताना दोघेही एकमेकांकडे न पाहता ठरलेल्या खुणेकडे पाहतात.

उडण्याचे शॉट तारेवर होतात. ते वेगळे शास्त्र आहे.