क्लोज्ड-बॅक हेडफोन : दमदार बेससाठी निवड

ज्या हेडफोनच्या कपाची मागची बाजू बंद असते, त्यांना क्लोज्ड-बॅक हेडफोन म्हणतात. ओपन-बॅक प्रकारात तिथे जाळी असते आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाच्या, पाठीमागचा आवाज खोलीत मोकळा सुटतो. बंद कप तो आतच ठेवतो. त्यामुळे गायकाच्या हेडफोनमधला ठेका माइकमध्ये झिरपत नाही, डीजेला गोंगाटात पुढचे गाणे जुळवता येते आणि रात्री घरातल्यांची झोपमोड होत नाही. बेससाठीही बहुतेक जण हाच प्रकार घेतात. मात्र हा बेस हेडफोनच्या पेटीत तयार मिळत नाही. कपाची गादी आणि डोके यांच्यात हवाबंद सांधा (सील) जुळला तरच तो कानाशी तयार होतो, म्हणून एकच हेडफोन एकाला दणदणीत वाटतो आणि दुसऱ्याला पातळ.

बेस म्हणजे साधारण २० ते २५० हर्ट्झचा पट्टा. त्यातला ६० हर्ट्झखालचा भाग, म्हणजे सब-बेस, ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर आहे. गादी आणि कान यांच्यातल्या चिमूटभर जागेत ती लहर मावणे शक्य नाही. तिथली सगळी हवा एकदमच दाबली जाते आणि सैल होते, जसे सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबावा तसे. अंगठा जरा ढिला पडला की दाब टिकत नाही. हेडफोनचेही हेच होते. खर्जात पडदा सावकाश हलतो, हवेला फटीतून निसटायला पुरेसा वेळ मिळतो आणि ५० हर्ट्झला १० डेसिबलपर्यंत किंवा त्याहूनही जास्त घट होऊ शकते. वरच्या पट्टीतले आवाज जसेच्या तसे राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला फट जाणवत नाही. हेडफोनच किनरा आहे असे वाटते.

ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज जाळीतून आणि गादीच्या विरळ कापडातून पुढच्या आवाजाला भेटतो. दोघांचा दाब उलटसुलट असल्याने खर्जात ते एकमेकांना खोडतात. चांगल्या गादीचे प्लॅनर मॅग्नेटिक (चुंबकांमध्ये हलणाऱ्या सपाट पडद्याचे) ओपन-बॅक याला अपवाद आहेत. त्यांचा बेस २० हर्ट्झपर्यंत सपाट जाऊ शकतो. बंद कपाचीही किंमत मोजावी लागते. आतली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे रेटते. कप लहान असेल तर १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान फुगवटा येतो आणि बेस भरपूर, पण सगळा एकाच जागी धपधपणारा होतो. तो आवरायला कपात लोकर किंवा फोम भरतात आणि फेल्ट चिकटवलेली बारीक छिद्रे ठेवतात. ही छिद्रे धुळीसाठी आहेत असे समजून टेपने बुजवली की बेसचा पोत बदलतो.

गादी आणि चष्मा

कृत्रिम चामड्याची गादी हवा अडवते, पण उकडते. मखमली वेलूर गादी घामात बरी पडते, मात्र तिच्यातून थोडी हवा झिरपते, म्हणून कारखान्याची चामडी गादी काढून वेलूर बसवली की सब-बेस उतरतो. मुळातच वेलूर धरून रचलेल्या हेडफोनला हा नियम लागू नाही. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो त्याचे चांगले उदाहरण आहे. जाड गादीने कान ड्रायव्हरपासून लांब जातो, आतली हवा वाढते आणि सगळा समतोल हलतो. म्हणून बदली गादी घेताना शक्यतो मूळ जाडीचीच घ्यावी.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत कृत्रिम चामड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर लवकर फुटतो आणि त्याच्या काळ्या पापड्या कानाला चिकटतात. फोम दाबल्यावर परत वर येत नसेल किंवा कान आतल्या जाळीला टेकत असेल तर गादी संपली असे समजावे. दुकानात नवा ड्रायव्हर मागण्याआधी गादी बदलून पाहणे केव्हाही स्वस्त पडते.

चष्म्याची काडी हा बेसचा सर्वांत मोठा शत्रू. जाड प्लास्टिकच्या काडीमुळे कानामागे त्रिकोणी फट राहते. बारीक धातूची काडी आणि मऊ, खोल फोम यांची जोडी बरीच चालते. जाड केस, अंबाडा, मोठे कानातले आणि जबड्यामागचा खळगा यांचाही परिणाम होतो. हेडबँडची पकड घट्ट असेल तर सील चांगले बसते, पण तासाभरात कानशिले दुखतात. यावर सगळ्यांना लागू पडेल असे उत्तर नाही, स्वतःच्या डोक्यावर घालूनच पाहावे लागते.

दुकानात तपासताना

गजबजलेल्या काउंटरवर एसी, पंखा आणि रहदारीची घरघर खर्ज झाकून टाकते आणि तिथे गरजेपेक्षा फुगीर हेडफोन बरा वाटतो. शांत कोपरा मागावा आणि नेहमीचा चष्मा लावूनच ऐकावे. फोनवर ५० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावून दोन्ही कप हलकेच डोक्याशी दाबावेत. आवाज ठळकपणे वाढला तर फट आहे. मग २० पासून २०० हर्ट्झपर्यंत सरकणारा सूर ऐकावा. एखाद्या ठिकाणी अचानक उसळी आली, खड्डा पडला किंवा खरखर झाली तर ते ध्यानात ठेवावे. एकाच बाजूला बेस कमी असला तर कप अदलाबदल करून घालावेत. कमतरता हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष त्याचा, त्याच कानाला राहिली तर डोक्याच्या त्या बाजूला सील बसत नाही.

त्यानंतर तबल्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड खालून वर चढताना स्पष्ट कळली पाहिजे. प्रत्येक ‘गे’ एकसारखा ‘धप’ वाजत असेल तर बेस जास्त आहे, खरा नाही. निवेदकाचा भारदस्त आवाज माठातून आल्यासारखा वाटला तर २०० ते ३०० हर्ट्झला फुगवटा आहे.

खोक्यावरचे आकडे

५० मिमीचा ड्रायव्हर ४० मिमीपेक्षा जास्त बेस देतो, ही समजूत चुकीची आहे. कप, छिद्रे, पडद्याचा ताण आणि सील हे सगळे व्यासापेक्षा महत्त्वाचे. ‘५ ते ३५,००० हर्ट्झ’ या आकड्यासोबत डेसिबलची मर्यादा दिलेली नसेल तर त्यातून काहीच ठरत नाही. उपयोगी पडतात ते रोध (ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (१ मिलिवॉटला किती डेसिबल). डीटी ७७० प्रोची २५० ओहम आवृत्ती १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देते. १ व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरवर) तिला ४ मिलिवॉट मिळतात, म्हणजे सुमारे १०२ डेसिबल. त्याच डोंगलवर ३८ ओहम आणि ९९ डेसिबलचा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ११३ डेसिबलपर्यंत जातो. १०२ ऐकायला पुरेसे वाटतात, पण इक्वलायझरने बेस ६ डेसिबल वाढवायचा तर दुप्पट व्होल्टेज लागते, आणि डोंगल तिथेच अडखळतो. फोनवर ऐकणाऱ्याने ३२ ते ८० ओहममध्येच राहावे.

सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासूनचा, नेमका आणि वरच्या पट्टीत तीक्ष्ण आहे. केवळ बेससाठी तो घेऊ नये. २०१४ चा एम५०एक्स मध्य-बेसात ठोस आहे. डीटी ७७० प्रोच्या ८० ओहम आवृत्तीचा सब-बेस खोल आहे, पण ‘स’, ‘श’ टोचतात. १९८८ चा सेनहायझर एचडी २५ कानावर टेकणारा आणि हलका आहे, ठेका खणखणीत देतो, मात्र कानाच्या पाळीवर सरळ दाब येतो.

बंद कप वरचे आवाज चांगले अडवतो, इंजिनची घरघर मात्र फारशी अडवत नाही. ती बेस गिळते आणि माणूस आवाज वाढवतो. रोज बस-रेल्वेत ऐकायचे असेल तर नॉइज कॅन्सलिंगला (बाहेरचा आवाज उलट लहरीने खोडणाऱ्या सोयीला) दिलेले पैसे सार्थकी लागतात, कारण ते नेमके याच पट्ट्यात काम करते. ब्लूटूथच्या कोडेकने (आवाज आकुंचित करून पाठवण्याच्या पद्धतीने) बेसमध्ये नोंद घ्यावी असा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८६ डेसिबलला १० तासच उरतात. कमी आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो, म्हणून आवाज वाढवण्याऐवजी १०० हर्ट्झखाली ४ ते ६ डेसिबल चढ द्यावा आणि फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी.

बेस अचानक गेला तर आधी गादीची कड खाचेतून निसटली आहे का ते पाहावे. खर्जावर भुणभुण येत असेल तर बहुधा एखादा केस पडद्यावर पडलेला असतो. गादी काढून कप उलटा धरून हलके टिचकावे. केबल दुरुस्त करून आणल्यावर बेस पोकळ झाला आणि गायक समोरून नाहीसा झाला तर एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत. सामाईक अर्थ तार तुटली तरी जवळजवळ तसेच ऐकू येते, पण तेव्हा प्लग फिरवल्यावर आवाज क्षणभर पूर्ववत होतो.