व्यक्तिचित्रणासाठी शहरातील बाह्यस्थळाची निवड

महानगरात स्टुडिओबाहेर, उघड्यावर एखाद्या व्यक्तीचे, जोडप्याचे किंवा कुटुंबाचे छायाचित्र काढायचे असेल तर जागा, वेळ आणि उभे राहण्याची दिशा आधी ठरवावी लागते. या पूर्वतयारीला बाह्यस्थळाची निवड म्हणतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘लोकेशन बघणे’ आणि ‘रेकी’ हे शब्द रूढ आहेत. निसर्गदृश्यात जागा हाच विषय असतो, व्यक्तिचित्रात मात्र विषय चेहरा असतो आणि जागा त्याच्या मागे उभी राहते. त्यामुळे पर्यटकांना भुरळ घालणारी जागा व्यक्तिचित्राला निकामी ठरू शकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्षही जाणार नाही अशी एखादी कमान किंवा गल्लीचे तोंड उत्तम ठरते. जागा शोधायला निघालेला नवखा माणूस देखावा शोधतो, तर अनुभवी माणूस तिथे उजेड कुठून येतो ते आधी पाहतो.

या पद्धतीची मुळे छायाचित्रणाच्या अगदी आरंभी सापडतात. सुरुवातीच्या रसायनांवर प्रतिमा उमटायला इतका वेळ लागे की चेहरा टिपायचा तर उन्हात यावेच लागे. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये घेतलेले स्वतःचे प्रसिद्ध डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे छायाचित्र) घरच्या दुकानामागच्या अंगणातले आहे. एडिंबरोत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने १८४३ ते १८४७ या काळात कॅल्टन टेकडीवरच्या रॉक हाउस या आपल्या स्टुडिओबाहेर खुर्च्या, टेबले, पडदे आणि पुस्तके मांडून बैठकीच्या खोलीचा आभास निर्माण केला. त्याच जोडीने ग्रेफ्रायर्स दफनभूमीतल्या कोरीव थडग्यांपुढेही माणसे उभी केली. पहिल्या पद्धतीत बाहेरची जागा लपवली आहे, तर दुसरीत ती चित्राचा भाग झाली आहे. आजच्या स्थळनिवडीची सुरुवात या दुसऱ्या पद्धतीत दिसते. पुढे काचेच्या छपराचे स्टुडिओ आणि नंतर कृत्रिम दिवे आले, तेव्हा बाहेर जाणे ही गरज उरली नाही.

प्रकाश

दुपारचे डोक्यावरचे ऊन व्यक्तिचित्राला सर्वांत मारक. कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, माणूस डोळे बारीक करतो. म्हणून सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश निवडतात. सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांच्या आत असतो त्या काळाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, पण हा ‘अवर’ बहुतेक ठिकाणी तासभर नसतो. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, दिवशी विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. तासाला १५ अंश या गतीने ६ अंश उतरायला त्याला २४ मिनिटे लागतात. ६० अक्षांशावर त्याच दिवशी तो तिरका उतरतो आणि तेवढ्याच अंतराला सुमारे ४८ मिनिटे घेतो.

शहरात ही मिनिटेसुद्धा पूर्ण हाती लागत नाहीत, आणि स्थळनिवडीत सर्वाधिक चुका इथेच होतात. पश्चिमेला १०० मीटरवर ३० मीटर उंचीची इमारत असेल तर उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून तिचा माथा सुमारे १६ अंशांवर दिसतो. विषुववृत्ताजवळ याचा अर्थ असा की पंचांगातल्या सूर्यास्ताच्या तासाभराहून अधिक आधीच सूर्य त्या इमारतीमागे जातो. मोबाइलवरचे अ‍ॅप सूर्यास्ताची वेळ अचूक सांगते, पण त्या जागेवरून ऊन कधी जाईल हे समोरच्या इमारतींवर ठरते. हे मोजायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. क्षितिजापासून इमारतीच्या माथ्यापर्यंत किती मुठी बसतात ते मोजायचे आणि मुठीमागे किमान ४० मिनिटे धरायची. सूर्याची वाट जितकी तिरकी तितका हा आकडा वाढतो. सोनेरी उन्हासाठी शहरातल्या जागा म्हणूनच मोजक्याच: नदीचा काठ, समुद्रकिनारा, पूल, मोठी मैदाने, गच्च्या आणि सूर्याच्या दिशेने सरळ धावणारे रुंद रस्ते. न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या चौकटीदार रस्त्यांची आखणी खऱ्या पूर्व-पश्चिमेपासून सुमारे २९ अंश कललेली आहे. त्यामुळे मावळता सूर्य वर्षातून दोनदाच, मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास, बरोबर रस्त्याच्या टोकाशी येतो.

ऊन नसले म्हणून जागा वाईट ठरत नाही. उलट दिवसभर कामाला येणारा सर्वांत भरवशाचा प्रकाश सावलीतला असतो. माणूस सावलीत आहे, पण त्याच्या समोर मोकळे आकाश किंवा उन्हात न्हालेली भिंत आहे, अशा जागेला ‘ओपन शेड’ म्हणतात. कमानीचे तोंड, पुलाखालची कड, खांबांची ओसरी, उंच इमारतीची सूर्याकडे पाठ असलेली बाजू ही त्याची नेहमीची ठिकाणे. वरून येणारा प्रकाश छपराने अडतो आणि समोरून येणारा मऊ प्रकाश चेहऱ्यावर पडतो. डोळ्यांत एक ठळक चमक उतरते, तिला ‘कॅचलाइट’ म्हणतात. ती नसेल तर हसरा चेहराही निर्जीव दिसतो. माणूस कुठे उभा करायचा हे ठरवायला अनेक छायाचित्रकार स्वतःची मूठ समोर धरून जागच्या जागी गोल फिरतात. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या जिथे सर्वांत मऊ दिसतात ती चेहऱ्याची दिशा. कमानीत दोन पावले आत-बाहेर केल्याने किती फरक पडतो हे एकदा पाहिले की ही सवय कायमची लागते.

झाडाखालची सावली दिसायला छान वाटते, पण दोन कारणांनी फसवते. पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर ठिपके पाडतात. शिवाय हिरवळ आणि पाने त्वचेवर हिरवट झाक टाकतात. रंगीत भिंतीचेही तेच. लाल विटांची भिंत गालावर लाली आणते, पिवळी भिंत चेहरा रोगट करते, पांढरी भिंत मात्र फुकटचा रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवणारा फलक, ठरते. प्रकाशाची झाक रंगतापमानाने मोजतात, आकडा जितका मोठा तितकी ती निळसर. मध्यान्हीच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन असते, निरभ्र आकाशाखालच्या सावलीचे ७००० किंवा त्याहून जास्त. संपूर्ण चित्रावर एकच झाक असेल तर ती नंतर काढता येते. अर्धा चेहरा दुकानाच्या दिव्यात आणि अर्धा सावलीत असेल तर ते दुरुस्त करणे जिकिरीचे होते. काचेच्या इमारती परतवलेले ऊन हा महानगराचाच खास प्रकाश. तो सावलीतल्या रस्त्यावर अचानक सुंदर पट्टा टाकतो आणि काही मिनिटांत सरकून जातो, म्हणून जागेबरोबर त्याची वेळही टिपून ठेवावी लागते.

सूर्यास्तानंतर आकाश गडद निळे होते आणि रस्त्यावरचे दिवे लागतात. सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंशांवर असतो त्या सुमाराला ‘ब्लू अवर’ म्हणतात. शहराच्या दिव्यांसह व्यक्तिचित्र घ्यायचे तर हीच वेळ. पूर्ण अंधारात आकाश काळे पडते आणि शहर दिसेनासे होते.

पार्श्वभूमी

व्यक्तिचित्राला मोठी सुंदर जागा लागत नाही, छोटा स्वच्छ तुकडा पुरतो. प्रतिमा टिपणारा ३६ मिमी रुंद सेन्सर असलेल्या पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स आडव्या दिशेने सुमारे २४ अंशांचाच कोन पाहते. कॅमेऱ्यापासून १० मीटरवरच्या भिंतीचा तिला साधारण सव्वाचार मीटरचा भागच दिसतो. त्या सव्वाचार मीटरच्या उजवीकडे कचराकुंडी आणि डावीकडे उभे ट्रक असले तरी चित्रात ते येत नाहीत. ३५ मिमीची लेन्स सुमारे ५४ अंश पाहते, तेव्हा तेच सगळे चौकटीत घुसते. शहराचा भव्य देखावा दाखवायचा असेल तर रुंद लेन्स आणि मोकळी जागा, चेहरा दाखवायचा असेल तर लांब लेन्स आणि कोणतीही गल्ली, असा हा ढोबळ हिशेब आहे.

माणूस भिंतीला टेकवून उभा करणे ही सर्रास होणारी चूक. ८५ मिमीची लेन्स, एफ/२ इतके मोठे उघडलेले लेन्सचे छिद्र आणि ३ मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १५ सेंटीमीटर असते. भिंत किंवा झाडी माणसामागे पाच-दहा मीटर लांब असेल तर तिचे तपशील विरघळून नुसते रंग उरतात. म्हणून जागा पाहताना तिच्या रुंदीपेक्षा खोलीकडे लक्ष द्यावे: लांब ओसरी, झाडांची रांग, दूरवर वळणारा पायरस्ता. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने त्याची पार्श्वभूमी मुळात स्पष्ट येते. पोर्ट्रेट मोड ती आकडेमोड करून धूसर करतो आणि केसांच्या कडांशी चुकतो. मोबाइलने चित्र काढायचे असेल तर साधी, एकरंगी पार्श्वभूमी शोधणेच शहाणपणाचे.

रेषांकडेही पाहावे लागते. डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब, मानेवरून जाणारे कठड्याचे किंवा क्षितिजाचे आडवे टोक, ठळक अक्षरांची पाटी या गोष्टी डोळा चेहऱ्यावरून खेचून नेतात. मजकूर तर माणूस नकळत वाचतोच. अनेकदा कॅमेरा हातभर वर-खाली केला की दोष जातो. गेला नाही तर जागाच सोडून द्यावी.

माणसाची सोय

ज्याचे चित्र काढायचे तो मॉडेल नसेल तर गर्दीच्या चौकात त्याचे खांदे आखडतात आणि ते चित्रात स्पष्ट दिसते. लाजऱ्या माणसासाठी प्रसिद्ध स्मारकापेक्षा शांत बाग कितीतरी बरी. वृद्ध सोबत असतील तर पायऱ्या, लहान मुले असतील तर वाहनांचा रस्ता, कपडे बदलायचे असतील तर जवळचे स्वच्छतागृह, हे सगळे रेकीतच पाहून ठेवायचे असते. एकमेकांपासून चालत पाच मिनिटांत गाठता येतील अशा तीन-चार वेगळ्या पार्श्वभूमी असलेला परिसर हा शहराच्या दोन टोकांच्या दोन देखण्या जागांपेक्षा जास्त चांगली चित्रे देतो, कारण वाहतुकीत अडकून थकलेला चेहरा कोणत्याच प्रकाशात खुलत नाही. पावसाच्या शक्यतेसाठी त्याच परिसरात एक छपराखालची जागा धरून ठेवतात. पाऊस थांबल्यावर ओला रस्ता दिव्यांची प्रतिबिंबे देतो, ती सोडू नयेत.

रेल्वेचे रूळ, गच्चीचा उघडा कठडा, धरणाची भिंत या जागा चित्रात आकर्षक दिसतात, पण निवडू नयेत. रुळांवर उतरणे बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि गाडीचा आवाज कानावर येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

परवानगी आणि शेजार

सार्वजनिक दिसणारी प्रत्येक जागा छायाचित्रणाला मोकळी नसते आणि नियम शहरागणिक बदलतात. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर हातातला कॅमेरा किंवा ट्रायपॉड वापरायला परवाना लागत नाही, जोवर रस्ता किंवा पदपथ फक्त आपल्यासाठी अडवला जात नाही. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात मात्र व्यावसायिक छायाचित्रणाला आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. वास्तू चित्रात येण्याबद्दलही देशोदेशी फरक आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ वास्तूचे छायाचित्र घ्यायला आणि प्रसिद्ध करायला मुभा देते. फ्रान्समध्ये २०१६ साली अशी सूट मिळाली ती फक्त व्यक्तींच्या बिगरव्यावसायिक वापरापुरती. आयफेल मनोऱ्याच्या रचनेवरचा हक्क मुदत संपून गेलेला असल्याने त्याचे दिवसाचे चित्र कोणीही वापरू शकतो, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क असल्याने तिच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते.

कायद्याने मोकळ्या असलेल्या जागेतही लोक राहत असतात. पॅरिसमधली रु क्रेमिउ ही रंगीत घरांची छोटी गल्ली समाजमाध्यमांमुळे इतकी गजबजली की २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीला फाटक लावण्याची मागणी केली. कोणाच्या दारात, कोणाच्या खिडकीसमोर आपण उभे आहोत हे पाहणे स्थळनिवडीतच येते. हे जाणणारे काही छायाचित्रकार चित्र प्रसिद्ध करताना परिसराचे नाव देतात, नेमकी गल्ली सांगत नाहीत.